स्टेप नाही, फक्त ठेका: इंदूरमध्ये पहिल्यांदा टेक्नोवर नाचायला जाताना

माझी मामेबहीण पहिल्यांदा माझ्याबरोबर क्लबात टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर वाजणाऱ्या नृत्यसंगीताच्या, रात्रीला आली, तेव्हा दारातून आत पाऊल टाकताच तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ताई, स्टेप कुठली करायची?" मी म्हटलं, कुठलीच नाही. तिचा चेहरा पडला. शाळेतल्या गॅदरिंगपासून लग्नातल्या संगीतापर्यंत तिनं जो काही नाच केला होता, तो कोणीतरी बसवलेला आणि कोणाला तरी दाखवायचा होता. समोर बघणारं माणूस नसेल, तर नाचायचं कशासाठी, हेच तिला कळेना. त्या रात्री परतताना ती गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन तास माझ्याकडे कोणी बघितलंच नाही गं. किती बरं वाटलं."

तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. वय पंचविशी असो की पन्नाशी, नाच येत असो की नसो. मी इंदूरची, त्यामुळे उदाहरणं इथली येतील, पण यातलं बरंचसं कुठेही उपयोगी पडेल.

पहिलं काम घरीच: ठेका ओळखा

क्लबात जाण्याआधी आठवडाभर तरी घरी टेक्नो ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात खालचा आवाज येतच नाही. बरे हेडफोन लावा, खोलीतला दिवा मालवा आणि वीस मिनिटं बसा.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, एकच तर धम्-धम् चाललंय. बरोबर आहे, तोच पाया आहे. मोठ्या ड्रमचा तो ठोका, ज्याला सगळे 'किक' म्हणतात, प्रत्येक मात्रेवर पडतो. चार मात्रांचं एक आवर्तन. लय साधारण मिनिटाला 125 ते 140 ठोक्यांची. दोन किकच्या बरोबर मध्ये 'त्स' असा पत्र्यासारखा आवाज येतो, तो हाय-हॅट. धम्-त्स-धम्-त्स. एवढं कानात बसलं, की बाकीचं आपोआप उलगडतं.

आता मोजून बघा. सोळा किक मोजा, परत सोळा मोजा. बहुतेक वेळा या टप्प्यांवर काहीतरी बदलतं. एखादा आवाज आत येतो, एखादा निघून जातो. मिनिटाला 128 ची लय असेल, तर 32 किकना बरोबर 15 सेकंद लागतात. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजत वाढलेल्या माणसाला हे जड नाही. सम कुठे येणार हे शरीराला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. टेक्नोतही तसंच होतं.

गाण्याचे शब्द शोधू नका, बहुधा नसतातच. मुखडा-अंतराही शोधू नका. ज्यानं उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित खयाल ऐकलाय, त्याला ही सवय आहे. खाँसाहेब आमच्या इंदूरचे. एका स्वराभोवती किती वेळ थांबता येतं आणि त्या थांबण्यातून काय काय निघतं, हे त्यांनी दाखवलं. टेक्नो आणि खयाल एकच आहेत असं म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण 'आता पुढे काय' ही घाई सोडून ऐकायचं, ही तयारी दोन्हीकडे लागते.

हा ठेका आला कुठून

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातून. मोटारींच्या कारखान्यांचं शहर, 1980 च्या सुमारास उतरणीला लागलेलं. जवळच्या बेलव्हिल गावातल्या शाळेत हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉंडरसन हे तीन कृष्णवर्णीय मित्र एकत्र शिकले. रेडिओवर जर्मनीच्या क्राफ्टवर्क या बँडचं यंत्रसंगीत आणि अमेरिकेतलं फंक हे ठेकेबाज संगीत एकापाठोपाठ ऐकून त्यांचे कान तयार झाले. जपानच्या रोलँड कंपनीचं 909 हे ठेक्याचं यंत्र 1983 मध्ये बाजारात आलं होतं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून ते फारसं खपलं नाही आणि जुन्या सामानात स्वस्तात मिळू लागलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या पोरांनी तेच उचललं. आज जगभरच्या टेक्नोत जी किक धडकते, ती बऱ्याचदा त्याच यंत्राची किंवा त्याच्या नकलेची असते. 'टेक्नो' हे नाव पक्कं झालं 1988 मध्ये, लंडनहून डेट्रॉइटच्या संगीताचा एक संग्रह निघाला तेव्हा.

मग बर्लिन. 1989 मध्ये भिंत पडली, पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या इमारतींना मालक सापडेनात, आणि पोरांनी त्यात रात्री जागवल्या. 1991 च्या मार्चमध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत 'ट्रेझोर' नावाचा क्लब सुरू झाला. ट्रेझोर म्हणजे तिजोरीच. 2024 मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

त्याच 1991 सालच्या डिसेंबरात आमच्या इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या हाती थकलेली देणी पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला. माझे आजोबा मिलमध्ये होते. मागांची खडखड त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की जेवताना बोटं ताटाच्या कडेवर तोच ठेका धरायची. डेट्रॉइटची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला ती बोटं आठवली. यंत्राच्या आवाजात माणसाला नाचावंसं वाटू शकतं, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. अनंत चतुर्दशीला याच मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर शहरातून फिरतात, तेव्हा रस्त्यावर उभं राहून बघा.

जाता जाता आपल्या माणसाबद्दलही सांगते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी कोणी विचारलं नाही. त्यांनी वापरलेल्या 303 या खालच्या सुरांच्या यंत्राचा तोच नागमोडी आवाज शिकागोतून पुढे आला आणि गाजला, तो पाच वर्षांनी. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. ती जरूर ऐका.

कुठली रात्र निवडायची

इंदूरमध्ये विजयनगर, ए.बी. रोड आणि बायपासच्या पट्ट्यात क्लब आहेत. पण क्लब आहे म्हणजे तिथे टेक्नो आहे असं नाही. शनिवारी बहुतेक ठिकाणी बॉलिवूड आणि पंजाबी वाजतं. तेही छान असतं, पण ते वेगळं. तुम्हाला हवी ती रात्र शोधावी लागते. इन्स्टाग्रामवर क्लबांची पोस्टरं बघा. त्यावर डीजेचं नाव असतं. ते नाव शोधून त्याचा एखादा तासाभराचा सेट, म्हणजे सलग वाजवलेलं संगीत, ऐका. अर्ध्या तासात एकही फिल्मी गाणं आलं नाही आणि किक थांबली नाही, तर ती तुमची रात्र.

फोन करून चार गोष्टी विचारून घ्या: एंट्री किती, त्यातले किती पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, एकट्या पुरुषाला प्रवेश आहे का, आणि मुख्य डीजे किती वाजता सुरू करतो. एकट्या पुरुषाला तिथल्या भाषेत 'स्टॅग' म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. ओळखपत्र मूळ न्या. मध्य प्रदेशात दारूसाठी वयाची अट 21 आहे, त्यामुळे तुम्ही पिणार नसलात तरी दारात वय बघतात.

कार्यक्रम मोकळ्या आवारात असेल तर लवकर जा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सूट सोडली तर. म्हणून असे कार्यक्रम उन्हं कलताना सुरू होतात. मला स्वतःला तेच जास्त आवडतात. संध्याकाळचा वारा, पायाखाली माती, आणि दहाला घरी.

पहिल्या वेळी एका माणसाबरोबर जा. दहा जणांचा घोळका नको. घोळक्यात प्रत्येकजण प्रत्येकाला हसवत बसतो आणि नाच राहून जातो.

काय घालायचं

जुने, मळलेले, पायाला सवय झालेले बूट. एवढं पुरे. नवे बूट नकोत आणि टाचेचे तर नकोतच. वर सुती काहीतरी, घाम शोषेल असं. ओढणी, लांब झुमके, खिशात खुळखुळणाऱ्या किल्ल्या, खांद्यावरची मोठी पर्स, हे सगळं घरी. ज्याला हातानं सारखं सांभाळावं लागतं, ते नाचू देत नाही. छोटी कमरेची पिशवी असेल तर उत्तम. एक रुमाल ठेवा.

आणि इअरप्लग.

कानांबद्दल थोडं सविस्तर

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी थेट स्पीकरसमोर उभी राहिले. किक छातीत लागते ती तिथेच, आणि मला ती हवी होती. दोन तास हलले नाही. बाहेर आले तर सगळं शहर कापूस गुंडाळल्यासारखं. रिक्षावाला काय बोलतोय ते ओठांवरून ओळखत होते. रात्री उशीवर डोकं टेकलं आणि डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली. ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थांबली. ते तीन दिवस मी फार घाबरले होते. ऑफिसात फोन उजव्या कानाला लावायचे आणि डाव्याची शिट्टी कमी झाली का, हे दर तासाला तपासायचे. क्लबमध्ये कोणी सावध केलं नाही, पण मीही कोणाला विचारलं नव्हतं.

हिशोब साधा आहे. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकला तरी कान साधारणपणे निभावतात. पुढे दर 3 डेसिबलला ही मुभा निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. नाचाच्या जागेवर 100 सहज होतात. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

मेडिकलवर फोमची बोळी मिळतात, स्वस्त असतात. हात धुऊन बोळा दोन बोटांत बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, आणि तो फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटानं दाबून धरा. नुसता कानाच्या तोंडाशी कोंबला तर उपयोग शून्य. फोमनं वरचे आवाज जास्त दबतात आणि संगीत थोडं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. पुढे नाद लागला, तर संगीत ऐकणाऱ्यांसाठीचे वेगळे इअरप्लग घ्या, त्यात सूर शाबूत राहतात. किकची काळजी करू नका, ती कानातून कमी आणि पायातून जास्त येते.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास

लगेच नाचायला जाऊ नका. आधी एक फेरी मारा. पाणी कुठे मिळतं, स्वच्छतागृह कुठे, बाहेर मोकळी हवा कुठे, दार कुठे. मग एखाद्या खांबाशी किंवा भिंतीशी उभं राहून फक्त ऐका. सुरुवातीचा डीजे मुद्दाम हळू आणि कमी आवाजात वाजवतो. खोली तापवण्याचं ते काम असतं आणि ते ऐकण्यासारखं असतं. उशिरा येणारे लोक ते घालवतात.

डीजे दोन ट्रॅक एकमेकांत कसे मिसळतो तिकडे लक्ष द्या. जुन्याचा खालचा आवाज हलकेच काढून घेतला जातो आणि त्याच क्षणी नव्याचा खालचा आवाज आत येतो. चांगल्या हातात हा सांधा कळतसुद्धा नाही. जमिनीची ओढ थोडी बदलल्यासारखी वाटते, एवढंच.

जागा निवडताना स्पीकरपासून चार-पाच मीटर लांब, गर्दीच्या कडेला, पण पाठीशी थोडी मोकळीक असेल अशी निवडा. पहिल्या रांगेची ओढ सोडा. आवाज सगळ्यात नेटका बहुतेकदा खोलीच्या मध्याशी येतो.

मोबाइल खिशात. बर्लिनच्या कित्येक क्लबांमध्ये दारातच कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. आपल्याकडे ती पद्धत सर्रास नाही, म्हणून आपणच पाळायची. आपल्यावर कॅमेरा नाही अशी खात्री असल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, आणि ही खात्री नाचणारे एकमेकांना देतात.

आता नाच

पाय खांद्याएवढे अलग. गुडघे किंचित सैल, अगदी किंचित, कुलूप काढल्यासारखे. जबडा सैल, दात दातांवर नकोत. खांदे एकदा कानापर्यंत उचला आणि सोडून द्या.

आता अंगाचा भार डाव्या पायावर, मग उजव्या. प्रत्येक किकला नाही, एक सोडून एकीला. मिनिटाला 130 ची लय सगळ्या शरीरानं धरू गेलात, तर दहा मिनिटांत दम लागेल. निम्मी धरा, 65. ही चालण्यापेक्षाही सावकाश लय आहे. वारकऱ्यांची पावली पाहिली असेल, टाळ कितीही दाट वाजले तरी पाऊल आपल्या ठायीच पडतं. तसं. पाय उचलू नका, नुसता भार बदला. टाच जरा वर येईल, येऊ द्या.

हे एवढंच निदान दोन ट्रॅक करा. याहून जास्त काहीही करू नका. मला माहीत आहे, ही सूचना सगळ्यात अवघड जाते. मन म्हणतं, नुसती झुलतेयस, काहीतरी कर. ऐकू नका त्याचं.

मग हाय-हॅट. किकला गुडघे खाली, 'त्स' ला वर. शरीर दोन आवाजांमध्ये टांगल्यासारखं होतं. इथून पुढे हात स्वतःहून हलतात. सुरुवातीला ते छातीच्या खाली ठेवा, कोपरं अंगाशी, मुठी अर्धवट. गर्दीत तेच सोयीचं असतं. वर न्यावेसे वाटले तर न्या, न वाटले तर रात्रभर खाली राहिले तरी बिघडत नाही.

डोळे कुठे ठेवायचे हा पुष्कळांचा प्रश्न असतो. कोणाच्या चेहऱ्यावर नको. दोन पावलं पुढे, जमिनीवर ठेवा. मिटलेत तर उत्तम, पण अधूनमधून उघडा, म्हणजे तोल राहील आणि कोणाला धक्का लागणार नाही. डीजेकडे तोंड करून उभं राहायलाच हवं असं काही नाही. तो वाजवतोय, बघण्यासारखं तिथे फार काही चाललेलं नसतं. भिंतीकडे तोंड करून नाचणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती फार सुखात होती.

एका रात्री खांबाजवळ पन्नाशीचे एक गृहस्थ होते. शर्ट खोचलेला, खिशाला पेन. त्यांची फक्त उजवी टाच हलत होती, एखादा तास तरी, एकाच मापानं. बाकी सगळं अंग स्थिर. प्रत्येक किकला खिशातलं ते पेन थरथरत होतं. खोलीभर जे चाललं होतं, ते सगळं त्या टाचेत होतं. नाच येतो की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी त्या दिवशी संपला.

वीस-पंचवीस मिनिटांनी कंटाळा येतो. हा कंटाळा नक्की येतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. तेच तेच चाललंय, पाय जड झालेत, घड्याळ बघावंसं वाटतं. बहुतेक लोक याच वेळी बाहेर पडतात, गप्पा मारायला नाहीतर फोन बघायला. तुम्ही थांबा. हालचाल लहान करा, नुसती टाच ठेवा, पण ठेका सोडू नका. कंटाळ्याला आणखी दहा मिनिटं द्या. मग कधीतरी लक्षात येतं की आपण मोजणं सोडलंय. बिलं, उद्याची मीटिंग, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, यातलं काहीही गेलेलं नसतं, पण ते जरा बाजूला बसलेलं असतं. खांदे कधी सैल झाले ते कळत नाही. मी यासाठी जाते. याच दहा मिनिटांसाठी.

आजीकडे रामबागेत मंगळागौर जागवायचे ते मला आठवतं. पुरुषमंडळी झोपलेली, दारं लोटलेली, आणि बायका झिम्मा, पिंगा, फुगड्या घालत पहाट करायच्या. दिवसभर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी आजी त्या रात्री केस सुटेपर्यंत फुगडी घालायची. तिथे बघायला कोणी नव्हतं, सगळ्याच नाचणाऱ्या. फुगडी घालताना समोरचीच्या डोळ्यांत बघ, म्हणजे भोवळ येत नाही, असं ती सांगायची. टेक्नोत समोर कोणी नसतं. त्या डोळ्यांच्या जागी किक असते. सगळं अंग फिरत असताना धरून ठेवायला काहीतरी एक स्थिर लागतं, ते तिथे मिळतं.

अधूनमधून किक निघून जाते. नुसते लांब सूर राहतात, सगळे थांबतात, हात वर होतात. याला ब्रेक म्हणतात. नवख्यांना इथे काय करावं कळत नाही. भार बदलणं चालू ठेवा, अगदी बारीक, आणि दीर्घ श्वास घ्या. तबल्यात खाली येते तसं समजा. किक परत येईल तेव्हा ती समेवरच येईल, आणि तुम्ही लय सोडली नसेल तर तुमचं पाऊल आधीच तिथे असेल. हा आनंद सांगून कळणारा नाही.

दर पाऊण तासानं बाहेर या, दहा मिनिटं बसा, पाणी प्या. एका ठिकाणी मला साधं पाणी द्यायला साफ नकार मिळाला होता, फक्त विकतची बाटली. वाद घालत बसू नका, बाटली घ्या, पण पाण्यावाचून राहू नका. घाम फार गेला असेल तर लिंबू-सोड्यात मीठ घालून मागा.

दुसऱ्याची जागा

प्रत्येकाभोवती हातभर वर्तुळ असतं, ते मोडू नका. जायचं असेल तर कडेनं जा. मधूनच जावं लागलं, तर खांद्याला हलका हात आणि मान तुकवणं पुरतं. कमरेला हात लावून कोणाला बाजूला सारायचं नाही, कधीच नाही. एकटी मुलगी नाचत असेल, तर ती नाचायला आलीय असंच समजा. तिच्याभोवती घिरट्या घालणं, समोर जाऊन नाचणं, "अकेली हो?" विचारणं, यानं तिची रात्र नासते. पुरुष वाचकांनो, हे तुम्हाला कळकळीनं सांगते आहे. तुमचा मित्र तसं करत असेल, तर त्याला बाजूला घ्या.

बायकांनी नको असेल तर सरळ 'नाही' म्हणावं, हसून नाही. परत झालं तर बाउन्सरला सांगा, बऱ्याच ठिकाणी महिला बाउन्सर असतात. ऐकलं नाही तर पोलिसांना 112 वर फोन.

दारूशिवाय हे सगळं उत्तम जमतं. मी दारू घेऊन आणि न घेता, दोन्ही तऱ्हांनी नाचले आहे. दोन पेगांनंतर ठेका हातचा निसटतो आणि तो कंटाळ्यापलीकडचा टप्पा लागतच नाही. नशेच्या गोळ्या कोणी पुढे केल्या तर घेऊ नका. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहेच, शिवाय बंद, तापलेल्या खोलीत नाचताना शरीराचं तापमान जिवावर बेतेल इतकं चढू शकतं. कोणी भोवळ येऊन पडलं, तर आधी हवेशीर जागी न्या आणि 108 ला फोन लावा. लाज, बोभाटा, घरचे काय म्हणतील, हे सगळं नंतर.

परत येताना

गाडी कोण चालवणार हे निघण्याआधीच ठरवा. कॅब असेल तर नंबर तपासा आणि घरच्या कोणाला तरी लोकेशन पाठवा. आईला मी पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं. आता खरं सांगते. ती विचारते, "अगं, पण नाचता म्हणजे करता काय?" एकदा स्वयंपाकघरात तिला भार बदलून दाखवला. ती पोळ्या लाटत होती. दोन मिनिटांनी बघते तर लाटणं त्याच ठेक्यात चाललेलं.

आमच्याकडे रात्री भूक लागली तर सराफा आहे. सोन्याची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे ठेले लागतात आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतात. नाचून आल्यावर फार तेलकट सोसत नाही. मी भुट्ट्याचा कीस घेते, वर जिरावण मसाला आणि लिंबू. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, तोही घेते, पण थोडाच.

दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतील. झोपण्याआधी भिंतीला हात टेकवून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला चिकटवून अर्धं मिनिट ताणा, मग दुसरा. सकाळी पोहे-जिलबी आणायला गाडी न काढता चालत जा. आणि इअरप्लगची डबी परत त्याच कमरेच्या पिशवीत टाकून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावी लागणार नाही.